दुतोंड्या मारुती आणि मेट्रोची पगडी

पंचवटीचे नाव रोज मनमाडहून मुंबईला जाते, एक्स्प्रेस गाडीवर बसून. पंचवटीत मात्र स्थानक नाही. १८८९च्या सुमारास नाशिकरोडहून घोड्यांची ट्राम सुरू झाली, पण ती मेनरोडवर जुन्या नगरपालिकेपाशीच थांबे. नदी तिने कधी ओलांडली नाही. २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले. रुळांऐवजी रबरी टायरवर धावणारी ही ‘निओ’ अजून कागदावरच आहे. तरी पंचवटीत तिचे स्थानक झालेच, तर त्याच्या भिंतीवर काय असेल ते आजच सांगता येते : धनुष्य, सुवर्णमृग आणि जटायू.

ही धास्ती पुण्यामुळे वाटते. तिथली छत्रपती संभाजी उद्यान आणि डेक्कन जिमखाना ही मेट्रो स्थानके मावळ्याच्या पगडीच्या घाटाची आहेत. लांबून, नदीपात्राच्या बाजूने पाहिले की आकार ओळखू येतो, डौलदारही आहे. पण डोक्यावरची पगडी ज्याची त्याला दिसत नाही, तसेच फलाटावरच्या प्रवाशाचे होते. रोज जाणाऱ्याच्या वाट्याला येते ते नुसते छप्पर.

चंद्रपूर आणि बल्लारशाह स्थानकांचे काम मला अधिक मोलाचे वाटते. स्थानिक कलावंतांनी तिथे ताडोबाचे जंगल आणि वाघ रंगवले. २०१८ साली स्थानक सुशोभीकरणाच्या रेल्वेच्या स्पर्धेत दोन्ही स्थानकांना मिळून पहिला क्रमांक मिळाला. बक्षिसापेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते हे, की चित्र नजरेच्या उंचीवर आहे आणि ‘वाघापाशी थांब’ असे कुणालाही फोनवर सांगता येते. कसोटी साधी आहे खरी, पण पगडी तिला उतरत नाही.

पंचवटीत या कसोटीला उतरणारे शिल्प आधीच आहे. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती. गंगापूर धरणातून सोडलेल्या पाण्याचे क्यूसेक प्रशासन जाहीर करते. पंचवटीकर विचारतो, मारुतीला कुठवर लागले? गुडघ्याला, कमरेला, छातीला. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी डोक्यावरून गेले. शेजारच्या नारोशंकराच्या मंदिरावरची घंटा तर वसईच्या विजयाची आठवण म्हणून सांगितली जाते. पण इथल्या बोलण्यात वसई फारशी येत नाही. घंटेला पाणी लागले की महापूर, एवढेच येते.

कुणी म्हणेल, मारुतीची स्थापना पूर मोजण्यासाठी झाली नव्हती. लोकांनी लावलेला अर्थ कंत्राटात कसा लिहायचा? अर्थ लिहिता येत नाही, हे मान्य. जागा मात्र ठरवता येते. मारुती पाण्याच्या आणि माणसांच्या वाटेत उभा आहे, म्हणून त्याच्याकडे बघावेच लागते. आपल्याकडे उलटे चालते. इमारत पुरी होते, मग उरलेल्या भिंती रंगवायला देतात. (त्यातही बरी भिंत जाहिरातीला जाते.)

सिंहस्थाच्या निमित्ताने पंचवटीत आता बरेच काही बांधले जाईल. स्थानक कधी झालेच, तर मला तिथे रामायण नको; काळाराम मंदिर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. जिन्याशेजारी एक उघडा दगडी खांब हवा आणि त्यावर मारुतीचा गुडघा, कंबर, छाती यांच्या पातळीच्या खुणा कोरलेल्या हव्यात. शिल्पकार नेमायचा तो पाया खणण्यापूर्वी. आणि त्या खांबावर जाहिरात लावायची नाही, हे निविदेतच लिहायचे.