कर्ण आपला कोण?

आपल्या पोरांच्या कविता वाचताना एक नाव हटकून भेटतं. शंबूक असतो, एकलव्य असतो आणि त्यांच्याच रांगेत कर्ण उभा असतो. मागे एका बैठकीत एका मित्रानं कविता वाचली. मी सूतपुत्र, मला भर आखाड्यात जात विचारली, असा तिचा सूर. टाळ्या पडल्या. मागे बसलेली एक पोरगी उठली आणि म्हणाली, "दादा, कर्णाचा बाप सूर्य होता ना? आपला बाप तर गटारात उतरतो." बैठक गप झाली. तिला त्या दिवशी कुणी उत्तर दिलं नाही. ते आता द्यायला हवं.

'कर्ण' या एका नावाखाली नाटकं झाली, चित्रपट झाले, पोरांसाठी चित्रकथा झाली. नाव एक, पण माणूस एक आहे का? आणि त्यातला आपला कोणता?

आधी एक गोष्ट साफ करू. सूत म्हणजे अस्पृश्य नव्हे. मनुस्मृतीच्या हिशेबात क्षत्रिय बाप आणि ब्राह्मण आई यांचं पोर ते सूत. घोडे आणि रथ सांभाळणं हे त्याचं काम. कर्णाला वाढवणारा अधिरथ तर धृतराष्ट्राचा मित्र. म्हणजे कर्णाचा अपमान झाला तो राजवाड्याच्या अंगणात, गावकुसाबाहेर नाही. अपमान खोटा नव्हता. कृपाचार्यानं कुळ विचारलं, भीमानं चाबूक हातात धर म्हणून हिणवलं. पण त्या अपमानाची जात आणि आपल्या अपमानाची जात एक नाही.

भासाच्या नावावर असलेलं 'कर्णभार' हे संस्कृत एकांकी नाटक घ्या. युद्धाला निघालेला कर्ण शल्याला परशुरामाच्या शापाची गोष्ट सांगतो. गुरू मांडीवर झोपलेला, किडा मांडी पोखरतो, कर्ण हलत नाही. गुरू जागा होतो, रक्त बघतो आणि ओळखतो की हा क्षत्रिय! मग शाप. पुढे इंद्र ब्राह्मणाच्या वेषात येतो आणि कवचकुंडलं घेऊन जातो. कर्ण गायी देऊ करतो, घोडे, हत्ती, सोनं देऊ करतो, शेवटी अंगावरचं कवच देतो. देणारा थोर, घेणारा ब्राह्मण. नाटक दानाला नमस्कार करतं, घेणाऱ्याला जाब विचारत नाही.

त्या किड्याच्या गोष्टीत खरं विष आहे. वेदना सोसली म्हणजे तो क्षत्रियच असणार, असं परशुराम धरून चालतो. अरे, सोसण्यावरून वर्ण ठरत असेल तर खाणीत दगड फोडणारा कोण? डोक्यावरून मैला वाहणारी बाई कोण? आपल्या आयांनी सोसलं ते कुठल्या क्षत्रियानं सोसलं? पण त्या सोसण्यावरून कुणी आपल्याला वरचा वर्ण दिला नाही. उलट, सोसता त्याअर्थी तुमची चामडीच जाड, असं म्हटलं.

चित्रपटांनी हाच कर्ण मोठा करून दाखवला. भालजी पेंढारकरांनी 1944 साली 'महारथी कर्ण' काढला, त्यात पृथ्वीराज कपूर कर्ण झाले. तमिळमध्ये बी. आर. पंतुलूंनी 1964 साली शिवाजी गणेशन यांना घेऊन 'कर्णन' काढला. 2012 साली तो दुरुस्त करून पुन्हा लावला तेव्हाही लोक गेले. अनंत पै यांनी 1967 साली सुरू केलेल्या अमर चित्र कथेत 'कर्ण' नावाचं पुस्तक निघालं आणि शाळकरी पोरांच्या दप्तरात गेलं.

या सगळ्यांत एक गंमत आहे. बघणाऱ्याला कर्णाच्या जन्माचं गुपित ठाऊक असतं. म्हणून त्याला सूतपुत्र म्हटलं की सवर्ण प्रेक्षकाच्याही डोळ्यांत पाणी येतं. त्याला जात विचारली म्हणून ते पाणी येत नाही. 'चुकीची' जात लावली म्हणून येतं! कुंतीचा पोरगा आणि त्याला सूत म्हणतात, अरेरे! म्हणजे खऱ्या सूताच्या पोराला हिणवलं असतं तर चाललं असतं. ही कणव जातीविरुद्ध नाही, ती जातीच्या हिशेबातली चूक दुरुस्त करते. आपल्या मराठीत शिरवाडकरांनी नाटक लिहिलं त्याचं नावसुद्धा 'कौंतेय'. वाढवलं राधेनं, नाव कुंतीचं.

त्याच चित्रकथांच्या मालिकेत 1979 साली बाबासाहेबांवर पुस्तक निघालं. त्यात पाण्यासाठी अडवलेला एक मुलगा आहे. त्या मुलाच्या जन्माचं कसलंही गुपित नाही. तो सुभेदार रामजी सकपाळांचा पोरगा, महाराचा पोरगा, आणि तरीही पाणी हा त्याचा हक्क आहे. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचा, म्हणजे फरक कळेल.

मूळ ग्रंथातला कर्ण तरी धुतल्या तांदळाचा आहे का? सभापर्वात द्रौपदीला वेश्या म्हणणारा आणि तिची वस्त्रं काढून घे असं दुःशासनाला सांगणारा हाच. आणि स्वयंवरात द्रौपदीनं "सूताला वरणार नाही" म्हणून त्याचा अपमान केला असं आपण ऐकत आलो, ते बोलणं पुण्याच्या भांडारकर संस्थेनं चिकित्सक आवृत्तीच्या मूळ संहितेत घेतलेलं नाही. सवर्णांकडून अपमानित झालेला पुरुष बाईच्या अपमानात पुढे असतो. ही गोष्ट आपल्या वस्तीतही तपासून बघावी. कर्णाला डोक्यावर घेताना ती झाकून ठेवू नये.

तेलुगूतला 1977चा 'दान वीर शूर कर्ण' मात्र एक पाऊल पुढे जातो. एन. टी. रामाराव यांनी तो काढला, दिग्दर्शन केलं आणि कर्ण, दुर्योधन, कृष्ण अशा तीन भूमिका स्वतःच केल्या. त्यात आखाड्यात दुर्योधन उठतो आणि सगळ्यांची कुळं बाहेर काढतो. द्रोण कुठे जन्मला, भीष्माची आई कोण, कौरवांच्या वंशात किती रक्त मिसळलं, याची यादीच तो वाचतो. शुद्ध कुळ नावाची वस्तूच नाही, हे व्यापारी पडद्यावर गरजून सांगितलं गेलं. हे मानलंच पाहिजे.

पण गरजणाऱ्या भाषणानं गाव बदलत नाही. तेच रामाराव 1983 साली आंध्रचे मुख्यमंत्री झाले. ते मुख्यमंत्री असतानाच, 1985च्या जुलैत, प्रकाशम जिल्ह्यातल्या कारमचेडूत मादिगा वस्तीवर जमीनदार जातीचे लोक चालून गेले आणि सहा माणसं मारली. भांडण सुरू झालं ते तळ्याच्या पाण्यावरून. महाडनंतर 58 वर्षांनी! पडद्यावरच्या दुर्योधनाला टाळ्या वाजवणारे हात आणि कारमचेडूत कुऱ्हाडी उचलणारे हात एकाच मुलुखातले होते.

आता 2021चा 'कर्णन'. दिग्दर्शक मारी सेल्वराज, नायक धनुष. नाव शिवाजी गणेशनच्या चित्रपटाचंच, पण आतला माणूस उलटा. पोडियंकुळम नावाचं गाव आहे आणि त्या गावाला बस थांबत नाही. सुरुवातीलाच एक पोरगी रस्त्यात तडफडून मरते आणि गाड्या शेजारून जातात. पुढे गरोदर बाई बसची वाट बघत उभी असते, बस थांबत नाही, तेव्हा तिचा लहान पोर दगड मारतो. तिथून सगळं पेटतं. मग पोलीस येतात. यामागे 1995च्या ऑगस्टमधलं कोडियंकुळम आहे. तिथे सुमारे 600 पोलीस दलित वस्तीत घुसले, घरं फोडली, विहिरीचं पाणी नासवलं.

या कर्णाला सूर्य बाप नाही. त्याची आई त्याची आईच आहे. कुणी कुंती येऊन "तू आमच्यातला" म्हणणार नाही, आणि त्याला ते नकोही आहे. गावच्या पुढाऱ्याचं नाव दुर्योधन, आणि पोलीस अधिकाऱ्याचं नाव कन्नबिरान, म्हणजे कृष्णच! त्या अधिकाऱ्याला राग कशाचा? या लोकांनी अशी राजांची नावं ठेवली आणि समोर मान खाली घातली नाही, याचा. इथे महाभारत उलटं टांगलंय.

दोष नाहीत असं नाही. शेवट तलवारीवर आणि एका पुरुषावर येतो. द्रौपदी नावाची बाई आहे, पण तिच्या वाट्याला फार काही येत नाही. वस्तीचा लढा एका नायकाच्या हातात गेला की बाकीचे बघे होतात, हे आपण आपल्या चळवळीतही भोगलंय. पण त्या लहान पोराचा दगड खरा आहे.

तर त्या पोरीला उत्तर असं: बाई, तुझं बरोबर आहे. सूर्याचा पोरगा आपला नाही. कर्ण हे नाव वापरायचं असेल तर आधी जन्माचं गुपित फाडून टाका, कवचकुंडलं काढून ठेवा, त्याला राधेचाच पोरगा राहू द्या. आमचा माणूसपणाचा हक्क आम्ही छुपे राजपुत्र आहोत म्हणून नाही. बस थांबली पाहिजे, कारण रस्त्यावर माणूस उभा आहे. एवढंच.

कविता लिहिणाऱ्या मित्रा, पुढच्या बैठकीत ती कविता पुन्हा आण. तिच्यात तुझा गटारात उतरणारा बाप नावानिशी येऊ दे.