पॉइंटचं टोक

पूल या खेळाचा कस्टम क्यू, म्हणजे मागणीनुसार घडवलेला खेळायचा दांडा, हातात आला की जाणकार माणूस तो उजेडात आडवा धरतो आणि बोटांवर सावकाश फिरवतो. मुठीच्या पुढे गडद लाकडाची निमुळती पाती मेपलमध्ये शिरलेली असतात. त्यांना पॉइंट म्हणतात. चारही पॉइंट एकाच उंचीला संपतात का, आणि संपताना टोक सुईसारखं होतं की बोथट, एवढं पाहून झालं की त्याचं निम्मं मत तयार असतं. शॉट मारून बघायचं ते नंतर.

हे पॉइंट मुळात नक्षीसाठी आलेच नव्हते. क्यूचं बूड जड हवं आणि पुढचा भाग हलका. म्हणून मागे शिसव किंवा आबनुसासारखं भारी लाकूड, पुढे मेपल, आणि दोन्ही हातांची बोटं गुंतवावीत तशी ती दोन्ही लाकडं एकमेकांत बसवायची. सरळ सरळ सुतारी सांधा. तो लेथवर चढवून कातत गेलं की सांध्याच्या कडा आपसूक भाल्यासारख्या दिसू लागतात. ब्रन्सविक कंपनीच्या ‘टायटलिस्ट’ या क्लबात ठेवायच्या साध्या क्यूलाही असाच सांधा असे, रंगीत व्हेनीअरच्या, म्हणजे लाकडाच्या पातळ थरांच्या, रेघांसकट.

रशियात जन्मलेला आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये स्थायिक झालेला जॉर्ज बालाबुश्का 1959 मध्ये क्यू करू लागला, तेव्हा त्याने हाच टायटलिस्ट कापून दोन तुकड्यांचा क्यू बनवला. पुढे बर्टन स्पेन आणि गस झॅम्बोटी या कारागिरांनी केलेली कच्ची बुडं तो वापरू लागला. ज्याला क्यूंचा स्ट्रॅडिव्हेरियस म्हणतात, त्याच्या क्यूमधला सगळ्यात देखणा भाग बहुतेकदा दुसऱ्याच्या हातचा आहे! बालाबुश्काचं स्वतःचं जे होतं ते डोळ्यांना चटकन दिसत नाही: प्रमाण, उतार, तोल, दोन तुकडे जोडणाऱ्या पोलादी सांध्याची घट्ट बैठक, मुठीवर आयरिश लिननचा दाबून बसवलेला वेढा. 1975 मध्ये तो गेला. 1986 च्या ‘द कलर ऑफ मनी’ या चित्रपटाने त्याचं नाव घरोघर नेलं खरं, पण पडद्यावर बालाबुश्का म्हणून मिरवलेला क्यू जॉस कंपनीचा होता. प्रेक्षकांना फरक कळला नाही, यात त्यांचा दोष नाही. शैली एकदा पक्की झाली की ती कुणालाही अंगावर घालता येते.

पारंपरिक घडणीचं महत्त्व कळायला एक पॉइंट जवळून बघावा. मेपलच्या चौकोनी तुकड्यात इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच पाडायची, मुठीकडे खोल आणि पुढे उथळ होत गेलेली. गडद लाकडाच्या चौकोनी कांडीच्या दोन बाजूंना रंगीत व्हेनीअरचे थर काटकोनात जुळवून चिकटवायचे आणि ती कांडी कोपऱ्याकडून खाचेत बसवायची. आधी समोरासमोरच्या दोन, त्या वाळल्या की उरलेल्या दोन. मग कातकाम, तेही एका दमात नाही. लाकूड वाकतं, हलतं. म्हणून थोडं कातून तुकडा टांगून ठेवायचा, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा थोडं कातायचं. मध्य केसभर सरकला तरी एक पॉइंट लांब आणि समोरचा आखूड होतो. ती चूक नंतर झाकता येत नाही.

संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रं आली आणि ही अडचणच उरली नाही. खाच हवी तिथे, हव्या त्या आकाराची कोरा आणि तुकडा वरून बसवा. पॉइंट आता कशालाच न जोडलेले, लाकडात तरंगणारे झाले. त्यांना नावही तसंच पडलं, फ्लोटिंग. पण यंत्राचं कटर गोल असतं, त्यामुळे आतला कोपरा कटरच्या जाडीएवढा गोलच राहतो. म्हणूनच बोथट टोक दिसलं की जुन्या वळणाचे शौकीन नाक मुरडतात. मला हे नाक मुरडणं अर्धंच पटतं. अलास्काच्या थॉमस वेन या कारागिराने सीएनसीच्या जोरावर जे गुंतागुंतीचं जडावकाम केलं, ते हाताने करायला कुणी धजावलं नसतं. ती स्वतंत्र कला आहे. माझी तक्रार आहे ती दुसऱ्याच क्यूंबद्दल. कारागिराला मोकळी जागा सहन होत नाही आणि शिंपला, चांदी, बदाम, चांदण्या असं सगळं एकाच बुडावर येतं. लग्नातल्या रुखवतासारखं: एकेक वस्तू सुरेख, पण सगळी मिळून डोळ्यांना थारा नाही. लास व्हेगासच्या साउथवेस्ट कंपनीचे सहा पॉइंटचे शांत क्यू पाहिले की फरक कळतो. त्यांच्यासाठी लोक वर्षानुवर्षं रांगेत थांबतात.

साहित्याचाही प्रश्न आहे. 2016 मध्ये अमेरिकेने हस्तिदंताच्या व्यापारावर जवळजवळ पूर्ण बंदी घातली आणि हस्तिदंताचं जडावकाम असलेले जुने क्यू विकणं अवघड झालं. 2017 च्या आरंभी शिसवाचं अख्खं कुळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत गेलं; त्यात आपल्या सह्याद्रीतला शिसवही आला.

पण खरी उलथापालथ पुढच्या टोकाला झाली. चेंडूच्या मध्यापासून बाजूला मारलं की पांढरा चेंडू नेमक्या रेषेतून थोडा सरकतो, आणि क्यूच्या टोकाजवळ वजन जितकं जास्त तितका जास्त सरकतो. प्रेडेटर कंपनीने मेपलच्या दहा फाका जोडून केलेल्या शाफ्टचं, म्हणजे क्यूच्या पुढच्या भागाचं, टोक आतून पोकळ करून हे वजन कमी केलं आणि नंतर कार्बन फायबरची ‘रेवो’ शाफ्ट आणली. कार्बन पावसाळ्यात फुगत नाही, वाकत नाही. मेपलचा ‘टक’ असा जिवंत आवाज मात्र त्यात नाही. ज्यांच्या कानाला त्याची सवय आहे त्यांना तो रितेपणा खटकतो.

यातून चमत्कारिक तडजोड रूढ झाली आहे: पुढे काळी कारखान्यातली कार्बन शाफ्ट, मागे चार पॉइंटचं बालाबुश्काच्या वळणाचं बूड. क्यूचं खेळणं कारखान्याकडे गेलं, कारागिराकडे रूप उरलं. मला यात पारंपरिक शैलीचा विजय दिसत नाही. तोल आणि उतार साधणं हीच बालाबुश्काची खरी कमाई होती आणि नेमकी तीच आज बाहेरून विकत आणली जाते. पॉइंटची नक्कल राहिली, सांध्याचं काम संपलं. बिलियर्ड्सवाले आपले जुने लोक या बाबतीत सुखी होते; पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 मध्ये जगज्जेते झाले ते ज्या खेळात, तिथे क्यूच्या नक्षीची चर्चा फारशी कधी झालीच नाही.

तरीही कुणी कस्टम क्यू घ्यायला निघालं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: चार पॉइंट, दोन रंगांचं व्हेनीअर, शाफ्ट मेपलची. आणि कारागीर समोर भेटला तर किंमत विचारण्याआधी हे लाकूड किती महिने टांगलं होतं ते विचारा.