फॉक्सप्रो आणि ॲक्सेस : एका घरातील स्पर्धा

इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने 1997 साली पाली तिपिटकाची सीडी प्रसिद्ध केली. रंगून येथील छट्ठ संगायनात (1954-56) निश्चित झालेला पाठ तीत अनेक लिप्यांतून वाचावयास मिळतो. पुढे हा पाठ युनिकोड देवनागरीत एकदाच साठवून अन्य लिप्या त्यावरून सिद्ध करण्यात आल्या. पाठ निराळा आणि तो दाखविणारे साधन निराळे, हा विवेक येथे पाळला गेला. प्रस्तुत टिपणात ज्या स्पर्धेचा विचार करावयाचा आहे, तिच्यात तो पाळला गेला नाही, आणि त्याची झळ मराठीला लागली.

मायक्रोसॉफ्टने 1992 साली फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनी विकत घेतली व त्याच वर्षाच्या अखेरीस आपले ॲक्सेस बाजारात आणले. नोंदी ठेवण्याची दोन प्रतिस्पर्धी साधने अशा रीतीने एका धन्याच्या घरी नांदू लागली. (बोर्लंडने 1991 साली ॲश्टन-टेट घेतली तेव्हा पॅराडॉक्स व डीबेस यांचीही हीच गत झाली होती.) सरस ते टिकले, असा ह्या स्पर्धेचा निवाडा नेहमी दिला जातो. मला तो मान्य नाही. फॉक्सप्रोच्या वेगाचे रहस्य असलेले रशमोर तंत्र 1994 साली ॲक्सेसच्या दुसऱ्या आवृत्तीत गेले; ज्याचे गुण धाकट्याने उचलले त्याला निर्गुण कसे म्हणावे? एका फाइलीची मर्यादा म्हणाल तर ती दोघांचीही अखेर दोन गिगाबाइटच राहिली. फॉक्सप्रोच्या अनुक्रमणिका मधूनच बिघडत, हा आक्षेप मात्र खरा आहे.

निर्णायक गोष्ट वेगळीच होती. डॉसच्या काळात पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड संगणकात बसविले की डीबेस वा फॉक्सप्रो यांत मराठी लिहिता येई. इस्की संकेतात अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठविली जात, त्यामुळे नावे वर्णानुक्रमाने लागत. विंडोज आल्यावर ही शिस्त मोडली. श्रीलिपी, आकृती इत्यादींच्या फॉन्टांनी अक्षरांच्या आकारांना संकेत दिले, आणि तेही प्रत्येकाने आपापल्या परीने. पहिली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून व्यंजनाच्या आधी साठविली जाऊ लागली. परिणामी यादीत शिंदे हे शेळक्यांजवळ न बसता निकम व मिसाळ यांच्या पंक्तीस जाऊन बसले! पतसंस्थेच्या कारकुनाला ही थट्टा वाटली नसणार. छापील कागदावर सारे शुद्ध दिसे, म्हणून दोष ध्यानी येण्यास उशीर लागे.

ह्यावर युनिकोड हा उपाय होता. तो 1999 साली ॲक्सेस 2000 मध्ये आला. व्हिज्युअल फॉक्सप्रोला तो कधीच मिळाला नाही. डिसेंबर 2004 मधील नववी आवृत्तीही त्याविनाच निघाली. मार्च 2007 मध्ये दहावी आवृत्ती काढणार नसल्याचे कंपनीने जाहीर केले आणि जानेवारी 2015 मध्ये उरलासुरला आधारही थांबला. मोठ्या कामासाठी त्याच घरात एसक्यूएल सर्व्हर होताच. तेव्हा फॉक्सप्रोचा पराभव रणांगणात झाला असे म्हणण्यापेक्षा धन्याने त्याची रसद तोडली असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. आपल्याकडील आज्ञावलीकारांचाही येथे दोष आहे. जुन्या नोंदी हाताशी असताना त्या एका प्रमाण संकेतात आणून ठेवण्याऐवजी ते फॉन्टांच्या सौंदर्यात रमले.

फॉक्सप्रोची डीबीएफ फाइल आजही अनेक आज्ञावली उघडतात. तिची रचना साधी व सर्वज्ञात आहे. आकडे आणि तारखा नीट वाचता येतात. नाव मात्र कोणत्या फॉन्टात उमटविले होते हे ठाऊक असल्याखेरीज वाचता येत नाही, आणि ती माहिती फाइलीत कोठेही लिहिलेली नसते.