सुई साधली, काच अडली

फील्ड एमिशन डिस्प्ले मागे पडला तो एलसीडी स्वस्त झाला म्हणून, असं सर्रास सांगितलं जातं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. हे तंत्रज्ञान आधीच स्वतःच्या काचेच्या पेटीत अडकलं होतं. एलसीडीने त्याला सुटायला उसंत दिली नाही, इतकंच.

मूळ कल्पना देखणी होती. जुन्या टीव्हीत तापलेल्या कॅथोडमधून निघालेले इलेक्ट्रॉन वळवून पडदाभर फिरवावे लागत, म्हणून त्याला मागे ते भलंमोठं पोट. त्याऐवजी प्रत्येक पिक्सेलमागे शेकडो-हजारो थंड सुया बसवल्या, तर पोट हवंच कशाला? टोक पुरेसं अणकुचीदार असेल, तर तिथलं विद्युतक्षेत्र नॅनोमीटरमागे काही व्होल्टपर्यंत चढतं आणि न तापवताच इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. फाउलर आणि नॉर्डहाइम यांनी याचं गणित 1928 मध्येच मांडलं. चार्ल्स स्पिंट यांनी 1968 मध्ये कॅलिफोर्नियात मॉलिब्डेनमचे सूक्ष्म शंकू घडवले. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या ‘लेटी’ प्रयोगशाळेने 1980च्या दशकात त्यांचा पडदा केला आणि एखादंच टोक जास्त प्रवाह ओढून जळू नये म्हणून शंकूंखाली रोधक थरही घातला. सुई साधली होती.

मग काच आली. इलेक्ट्रॉनांना निर्वात जागा लागते, आणि 36 इंची पडद्यावर बाहेरून हवेचा साडेतीन टनांहून अधिक भार पडतो. दोन काचा एकमेकींवर बसू नयेत म्हणून मध्ये टेकू हवेत. पण ते डोळ्यांना दिसता कामा नयेत, त्यांच्यावर विद्युतभार साठून इलेक्ट्रॉनांची वाट वाकडी होता कामा नये, आणि हजारो व्होल्टला त्यांच्यावरून ठिणगीही उडता कामा नये. व्होल्टेज उतरवावं, तर काचेवरचा, इलेक्ट्रॉन आदळून चमकणारा फॉस्फर मंद उजळतो. फ्रान्सच्या पिक्सटेकने कमी व्होल्टेजचा मार्ग धरला, अमेरिकेच्या कॅन्डेसंटने जास्त व्होल्टेजचा. टिकलं कुणीच नाही. त्यात सल्फाइड फॉस्फरांमधून सुटणारे वायू टोकांवर बसतात आणि उत्सर्जन हळूहळू घसरतं. बंद पेटीतली ही घाण काढायची कशी, हा प्रश्न शोधनिबंधांत क्वचितच अग्रभागी येतो.

कॅननने सुईच बाजूला ठेवली. पॅलेडियम ऑक्साइडच्या पातळ थरातल्या काही नॅनोमीटरच्या फटीतून इलेक्ट्रॉन काढायचे, असा त्यांचा एसईडी. तोशिबासह केलेल्या नमुन्यांतला गडद काळा रंग आणि वेगवान दृश्यांतला स्वच्छपणा पाहणाऱ्यांनी वाखाणला, तो योग्यच होता. पण पेटी तीच. भरीला टेक्सासमधल्या एका कंपनीशी पेटंटच्या परवान्यावरून कोर्टकज्जा. 2007 मध्ये तोशिबा भागीदारीतून बाहेर पडली. परवाना कोर्टात टिकला, किंमत बाजारात टिकेना. 2010 मध्ये कॅननने एसईडीसाठी काढलेल्या आपल्या कंपनीचा गाशा गुंडाळला. फील्ड एमिशन पडद्यांसाठी सोनीतून निघालेली शाखा त्याच्या आदल्याच वर्षी मिटली होती.

कार्बन नॅनोट्यूब आल्यावर पुन्हा आशा पालवली. सॅमसंगच्या संशोधकांनी 1999 मध्ये 4.5 इंची सीलबंद पडदा दाखवला. पेस्ट छापून कॅथोड करता येणं ही खरी प्रगती होती. पण छापलेल्या थरात नळ्यांची उंची एकसारखी नसते. उंच नळ्या सगळा भार घेतात, बाकीच्या गप्प बसतात. पडद्यावर ते डागांसारखं दिसतं. 

यानंतरचं संशोधन वाचताना मला एक खटकतं. नवनवे पदार्थ येतात, ग्राफीन, झिंक ऑक्साइडच्या नॅनोतारा, आणखी काय काय, आणि प्रत्येकाचं ‘टर्न-ऑन’ क्षेत्र, म्हणजे उत्सर्जन सुरू व्हायला लागणारं विद्युतक्षेत्र, आधीच्यापेक्षा कमी असल्याचा दावा होतो. नमुना छोटासा, निर्वात पंप अखंड चालू, मापन काही तासांचं. फील्ड एमिशनचं काम पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातही होत आलं आहे. उत्सर्जनाचं मूलभूत आकलन म्हणून अशा कामाचं मोल आहेच. पण निबंधाच्या पहिल्या परिच्छेदात ‘सपाट पडद्यांसाठी उपयुक्त’ हे वाक्य अजूनही छापायचं, याला सवयीपलीकडे आधार उरलेला नाही.

उपयोग दुसरीकडे सापडले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात फील्ड एमिशनचा स्रोत कधीचाच रुळला आहे, आणि नॅनोट्यूबच्या कॅथोडवर चालणाऱ्या क्ष-किरण नळ्याही बाजारात आल्या. त्यांत लाखो पिक्सेल एकसारखे उजळायचे नसतात, दोन सपाट काचा टेकूंवर तोलायच्या नसतात, आणि ग्राहक किंमत टीव्हीशी ताडून पाहत नाही.