दोनदा शिजलेला मासा

खाण्याच्या पदार्थावर टीका करणं हा आपल्याकडचा सर्वांत जुना घरगुती उद्योग आहे. पुस्तकावर लिहायचं म्हटलं तर ते निदान चाळावं लागतं. भाजीबद्दल मत द्यायला ती पातेल्यात नुसती दिसली तरी भागतं. त्यात आम्ही खानदेशी. 'तिखट कमी शे' एवढ्या एका वाक्यात आम्ही पन्नास माणसांच्या पंगतीचं परीक्षण संपवतो. त्यामुळे डबाबंद टूनाच्या घरगुती पदार्थांवर चार शब्द लिहायचं मी ठरवलं, तेव्हा टीकेला कोणी हरकत घेतली नाही. हरकत आली ती अधिकाराबद्दल. "जळगावात राहून समुद्रातल्या माशावर लिहिणारे तुम्ही कोण?" असं घरातूनच विचारण्यात आलं.

प्रश्न बिनतोड आहे. धुळ्याहून मुंबईचा समुद्र सव्वातीनशे किलोमीटर, आणि जळगाव त्याच्याही पलीकडे. तापी-गिरणेचा मासा मिळतो, पण त्याची जात वेगळी आणि रस्साही वेगळा. पापलेटाच्या डोळ्यात बघून ते कधी पकडलं ते सांगणारी माणसं मालवणात असतात; समुद्राचा मासा आमच्यापर्यंत पोचेतो त्याचे डोळे वाळलेले असतात. पण म्हणूनच माझं म्हणणं असं, की ताज्या माशाबद्दल कोकणाने बोलावं आणि टिकवलेल्या माशाबद्दल आम्ही. ज्याच्या दारात समुद्र आहे, त्याने डबा उघडायचाच कशाला?

आमच्याकडे डबा आला तो न्यू जर्सीच्या भाच्याबरोबर. सराफाने गिऱ्हाइकापुढे तोळ्याची वळी मांडावीत तसे त्याने टेबलावर सहा डबे मांडले आणि म्हणाला, "मामा, वास नाही, काटा नाही, साफ करायची कटकट नाही. रात्री कामावरून आलो की आम्ही ह्याचंच काहीतरी करतो." ह्या 'काहीतरी'त बरंच काही होतं. बाहेर बर्फ, दोघं नवराबायको साडेआठला घरी, फ्रिजमध्ये अर्धा कांदा, आणि आईने इथून बांधून दिलेली काळ्या मसाल्याची पुडी. त्या पुडीचा वास घरभर झाला की जळगावची गाडी लागल्यासारखं वाटतं, असं तो म्हणाला. पदार्थाचं मूळ इतकं खरं असलं की टीकाकाराला जरा जपून लिहावं लागतं.

टूना म्हणजे आपल्या कोकणातला कुपा. तो डब्यात शिरला तोही अडचणीतूनच. १९०३ साली कॅलिफोर्नियात सॅन पेड्रोच्या एका कारखान्याला डब्यात भरायला सार्डिन मिळेनात, म्हणून त्यांनी रिकाम्या डब्यांत हा मासा भरून पाहिला. आज अमेरिकन माणूस ज्या चवीला आईच्या हातची चव म्हणतो, ती मुळात 'आज भाजी नाही, आता काय करू?' ह्या प्रश्नाचं उत्तर होती. हा प्रश्न आमच्या चुलीपुढे नेहमीचाच, त्यामुळे इथवर पत्रिका जुळली. (पत्र्याच्या डब्याचं पेटंट इंग्लंडमध्ये १८१० सालचं, डबा उघडायचं हत्यार मात्र त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी निघालं. मधल्या काळात लोक छिन्नी-हातोडीने जेवत होते.)

आता मुद्द्याची गोष्ट. डब्यातला मासा कच्चा नसतो. आधी त्याला वाफेवर शिजवतात, मग काटे-कातडं काढून डब्यात भरतात, झाकण पक्कं करतात, आणि तो बंद डबाच्या डबा पुन्हा शंभर अंशांच्याही वर तापलेल्या वाफेत ठेवतात. म्हणजे तुमच्या कढईत उतरण्यापूर्वी तो दोन अग्निदिव्यं करून आलेला असतो. त्याला तिसरं करायला लावायचं की नाही, ह्या एका गोष्टीवर टूनाच्या घरगुती पदार्थांचं सगळं बरंवाईट ठरतं.

भाच्याचा आवडता पदार्थ टूनाचा रस्सा. तो त्याने धुळ्याला मावशीकडे करून दाखवला. एरंडोल-पारोळ्यावरून डबे आणि मसाला मांडीवर घेऊन आम्ही मुद्दाम गेलो होतो. कांदा जाळावर भाजला होता, खोबरं वेळेवर उतरवलं होतं, तर्री अशी लाल आली होती की पाहणाऱ्याला ठसका लागावा. आणि मग त्याने मासा तेलात परतला, वर पाणी ओतलं आणि पंधरा मिनिटं खदखदू दिला. मावशीने पहिला घास घेतला, बोटाने वाटीतला एक धागा वर काढला आणि विचारलं, "हाऊ मासा शे का सुतळी?" ह्यापेक्षा नेमकं परीक्षण मला लिहिता येणार नाही. ताजा मासा रस्स्याला काही देतो आणि रस्स्याकडून काही घेतो. डब्यातल्याजवळ द्यायला काही उरलेलं नसतं. होतं ते डब्यातल्या पाण्यात उतरलेलं, आणि ते पाणी भाच्याने आधीच मोरीत ओतलेलं. उरला नुसता चोथा. चोथ्याला पंधरा मिनिटं उकळून त्याचा मासा होत नाही.

कटलेट त्यापेक्षा कितीतरी बरं. उकडलेला बटाटा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि डबा. इथे मासा बटाट्याच्या आश्रयाला जातो आणि तव्यावर फक्त वरचं कवच तापतं, त्यामुळे आत त्याचा ओलावा टिकतो. माझी तक्रार एवढीच, की ह्या पदार्थाला गाव नाही. तो मुंबईत, न्यू जर्सीत, आगगाडीत कुठेही असाच लागेल. पाहुण्याला आवडतो, घरच्याला आठवत नाही.

खिचडीत मात्र टूना शोभतो, पण तो तेलातला हवा. आमच्याकडे तुरीच्या डाळीची खिचडी पानात पडली की वरून तेलाची धार घेतात, कोणी कच्च्या, कोणी लसणाच्या फोडणीच्या. डब्यातलं तेलच कढवून त्यात लसूण लाल केला, गॅस बंद केला आणि मग मासा नुसता गरम होण्यापुरता त्यात सोडला, तर ही धार अशी काही लागते की पापड बाजूला राहतो. तेल शेंगदाण्याचं नाही म्हणून मावशीने नाक मुरडलं. दुसऱ्यांदा वाढून घेताना मात्र ती हरकत तिने पुन्हा काढली नाही.

अमेरिकन घरांतला अस्सल प्रकार निराळाच. रुंद शेवया, डब्यातला टूना, डब्यातलंच मशरूमचं दाट सूप (कॅम्पबेल कंपनीने ते १९३४ साली आणलं), सगळं कालवून भट्टीत ठेवायचं, आणि वर बटाट्याचे वेफर चुरून टाकायचे. भाच्याने हे सांगितलं तेव्हा मावशी हसली. मी नाही हसलो. वेफरच्या त्या चुऱ्यात मला आमची शेव दिसत होती.

कारण शेवभाजी म्हणजे आमचा डबाबंद मासाच. घरात भाजी नाही, पाहुणा अवेळी दारात, फळीवर जाड तिखट शेवेचा डबा. ती शेवही एकदा तळून झालेली असते, तिलाही शिजवायचं काही उरलेलं नसतं. तिचा कायदा जळगावच्या सातवीतल्या पोरीलाही पाठ असतो: रस्सा हवा तेवढा उकळू द्या, शेवेने डब्यात थांबायचं. पानं मांडली, माणसं बसली, की वाटीत शेव आणि वर रस्सा. आधी टाकली की लगदा. हॉटेलांतून आजकाल कढईतच शेव घालून आणतात आणि वर चार बोटं तेल तरंगत ठेवतात. त्याला शेवभाजी म्हणणं हा मेनूकार्डाचा मोठेपणा. तर सांगायचं ते असं, की टूनाला माशाच्या पाककृती लावणं इथेच सगळं बिनसतं. त्याला शेवेचा कायदा लावावा. दुसऱ्या दिवशी मावशीने न सांगता तेच केलं. तोच मसाला, तीच तर्री, आणि मासा वाटीच्या तळाशी तसाच, मोकळा करून ठेवलेला. वर उकळता रस्सा. भाच्याने जेवताना एक शब्द काढला नाही, आणि आमच्या घराण्यात ह्याला स्तुती समजतात.

इथवर टूनाची बाजू मी प्रामाणिकपणे मांडली. आता 'वास नाही' ह्या गुणाबद्दल.

डब्याची स्तुती करणारा प्रत्येक जण सुरुवात इथूनच करतो. पदार्थाचा पहिला गुण काय, तर तो नाकाला कळत नाही! मावशीची आयुष्यभराची आधाराची भाजी म्हणजे बोंबलाची चटणी. वसई, सातपाटीकडे बांबूच्या चौकटींवर वाळलेला बोंबील आठवडे बाजारात येतो; धान्याच्या आणि भाजीच्या ओळी संपल्या की पार कडेला सुकटवाली बसते. डोकं-शेपूट खुडायचं, तुकडे तव्यावर कडक भाजायचे, लसूण, लाल मिरची आणि मीठ घालून पाट्यावर ओबडधोबड वाटायचे. सोबत कळण्याची भाकरी. मावसा गेल्यानंतर दोन पोरं वाढवताना कित्येक संध्याकाळी ह्याखेरीज दुसरं काही नव्हतं, आणि पोरांना ते कळलं नाही, कारण त्यांना वाटे आईला हेच आवडतं.

आता मावशी देवपुरात एका सोसायटीत राहते. तिथे बोंबील तव्यावर पडला की दहा मिनिटांत घंटी वाजते. कोणी भांडत नाही, सगळे फार सभ्यपणे विचारतात, "काही जळतंय का, मावशी?" भाड्याने जागा बघत होती तेव्हा तर दोन घरमालकांनी भाड्याच्या आधी स्वयंपाकाचीच चौकशी केली होती. त्यामुळे वरची मंडळी लग्नाला परगावी गेली की मावशी बोंबील भाजते. लग्नसराईवर तिचं इतकं बारीक लक्ष असण्याचं कारण मला हल्ली कळलं. त्याच गॅसवर भाच्याने चार डबे उघडले, कोणाला पत्ता लागला नाही. एक मासा समुद्रातून बाहेर काढून उन्हात टिकवला, दुसरा वाफेत. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर तर दोन्ही गोष्टी एकाच माशाच्या होतात: तिथे टूना डब्यात भरण्याचा कारखाना १९६९ साली निघाला, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून तिथले लोक तोच मासा उकडून, धुरावून, वाळवून लाकडासारखा कडक करून ठेवतात. पण आपल्याकडे पत्र्यातला तेवढा पाहुणा, आणि टोपलीतला आला की खिडक्या लावा. चवीच्या बाबतीत मला शंका नाही. टूनाचीही लसूण-मिरची घालून कोरडी चटणी मावशीने करून पाहिली. वाईट नव्हती. ती भाकरीबरोबर गेली आणि विसरली गेली. मावशी म्हणाली, "पोट भरनं, पन जीभ तशीच ऱ्हायनी."

भाचा परत निघाला तेव्हा उरलेले दोन डबे मावशीकडे राहिले. त्याला बोंबील हवे होते, पण तिकडच्या त्याच्या इमारतीतही शेजारी आहेत आणि त्यांनाही नाकं आहेत. तेव्हा वरच्या मजल्यावरचे एका साखरपुड्याला गेलेले पाहून मावशीने अर्धा किलो बोंबील एका दुपारी भाजले, चटणी कुटली, थंड केली, आणि फिरकीच्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात दाबून भरली. झाकणाभोवती चिकटपट्टीचे चार वेढे दिले. वर कागद लावून त्यावर मला लिहायला लावलं: 'शेंगदाण्याची चटणी'.