खरखर, संहिता आणि चाहता : ‘लाइव्ह अ‍ॅट लीड्स’च्या निमित्ताने

मराठी समीक्षेच्या परिभाषेत ‘रसिक’ या शब्दाला जी प्रतिष्ठा आहे, ती ‘चाहता’ या शब्दाला नाही. रसिकाजवळ अभिरुची असते, चाहत्याजवळ केवळ आवड. रसिक कलाकृतीपासून उचित अंतर राखतो, चाहत्याला ते राखता येत नाही, असे आपण गृहीत धरून चालतो. लोकप्रिय संगीताविषयीच्या पाश्चात्त्य सैद्धांतिक विचारातही हा भेद निराळ्या रूपाने नांदत आला आहे. अडोर्नोने १९३८ साली श्रवणाच्या अधोगतीविषयी लिहिताना बाजारपेठेने घडवलेल्या, संगीताची वस्तुपूजा करणाऱ्या श्रोत्याचे चित्र रेखाटले. पुढे सांस्कृतिक अभ्यासाच्या प्रवाहाने नेमकी उलट भूमिका घेऊन चाहत्याला सर्जक आणि प्रसंगी बंडखोर ठरवले. या दोन्ही भूमिका चाहत्याच्या सामाजिक स्थानाविषयी बोलतात. तो नेमके काय ऐकतो, आणि एकाच रचनेच्या अनेक पाठांपैकी एखाद्या पाठाचीच ओढ त्याला का वाटते, हा वाङ्मयीन समीक्षेला जवळचा असलेला प्रश्न मात्र दोहोंकडूनही बाजूला राहतो.

‘द हू’ या ब्रिटिश रॉक बँडची ‘लाइव्ह अ‍ॅट लीड्स’ ही ध्वनिमुद्रिका या प्रश्नाच्या विचारासाठी विशेष उपयुक्त आहे. पीट टाउनशेंडची गिटार, रॉजर डॉल्ट्रीचे गायन, जॉन एन्टविसलची बेस गिटार आणि कीथ मूनचे ड्रमवादन असा हा चौघांचा बँड. १४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात झालेल्या त्यांच्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण त्याच वर्षी मे महिन्यात प्रसिद्ध झाले. प्रत्यक्ष कार्यक्रमाची ही त्यांची पहिलीच ध्वनिमुद्रिका. रॉक संगीताच्या चाहत्यांत तिला पुढील अर्धशतकाहून अधिक काळ जे प्रेम लाभले, ते प्रथमदर्शनी बुचकळ्यात टाकणारे आहे. कार्यक्रम दोन तासांहून अधिक चालला. तबकडीवर आली ती ४० मिनिटांहूनही कमी वेळाची फक्त सहा गाणी. त्यांतली तीन बँडची स्वतःची नव्हेतच : एक मोझ अ‍ॅलिसनचे, एक एडी कॉक्रनचे, एक जॉनी किड आणि त्याच्या साथीदारांचे. ज्या ‘टॉमी’ या १९६९च्या रॉक ऑपेरामुळे बँडला प्रतिष्ठा मिळाली होती आणि जो त्या रात्री जवळजवळ संपूर्ण वाजवला गेला, तो येथे गाण्याच्या रूपाने नाहीच. घटनेचा तिसरा हिस्साही न राखणारी ही मुद्रिका चाहत्यांना ‘खरी’ वाटते. या खरेपणाचे स्वरूप काय?

सुरुवात वेष्टनापासून करणे उचित ठरेल. १९६९मध्ये बॉब डिलनच्या आणि रोलिंग स्टोन्सच्या अनधिकृत मुद्रिका कोऱ्या किंवा शिक्का मारलेल्या वेष्टनांतून बाजारात आल्या होत्या. ‘लाइव्ह अ‍ॅट लीड्स’चे वेष्टन या चोरट्या मालाची जाणीवपूर्वक नक्कल करते : साधा तपकिरी पुठ्ठा आणि त्यावर शिक्क्याने उमटवल्यासारखे नाव. आत मात्र बँडच्या पूर्वायुष्यातील कागदपत्रांच्या प्रतिकृती. त्यांत ध्वनिमुद्रण कंपनीचे नकारपत्र आहे आणि वुडस्टॉक महोत्सवाचा करारही. बाहेरून मुद्रिका म्हणते की माझ्यामागे कोणी संस्था नाही. आतून ती संस्थांशी झालेल्या व्यवहारांचे दप्तरच उघडते. अधिकृत प्रकाशनाने अनधिकृताचा वेष घेतला आहे आणि तो वेष श्रोत्यापासून लपवलेलाही नाही. त्यामुळे अस्सलपणा येथे वस्तूचा गुण राहत नाही; श्रोत्याने ओळखावयाची ती एक चिन्हव्यवस्था ठरते. चाहता या वेषाने फसतो असे मानणे म्हणजे त्याच्या वाचनक्षमतेला कमी लेखणे होय.

घटनेच्या निवडीतही हीच मध्यस्थी आढळते. १९६९च्या दौऱ्यातील ध्वनिफिती ऐकत बसण्यापेक्षा त्या जाळून टाकाव्यात असे आपण सांगितल्याचे टाउनशेंडने पुढे कथन केले आहे. लीड्सनंतर दुसऱ्याच दिवशी हल येथे झालेला कार्यक्रमही मुद्रित झाला होता. परंतु त्यातील काही गाण्यांत बेस गिटार उमटलेलीच नाही असे दिसल्याने तो मागे पडला. २०१०च्या चाळिसाव्या वर्धापनाच्या आवृत्तीत हलचे मुद्रण समाविष्ट झाले, तेव्हा त्या रिकाम्या जागी लीड्सच्या बेसचे कलम करण्यात आले. म्हणजे हल येथील ‘प्रत्यक्ष’ प्रयोगात आपण काही काळ आदल्या रात्रीचा एन्टविसल ऐकत असतो. ‘लीड्स’ची रात्र अपूर्व होती म्हणून तिची मुद्रिका झाली, असे आपण कार्यकारणभाव लावतो, मुद्रिका तिची झाली म्हणूनही ती रात्र अपूर्व ठरली, हे मान्य करावे लागते. फिलिप ऑस्लँडरने १९९९ साली मांडल्याप्रमाणे ‘प्रत्यक्ष’ ही कल्पनाच मुद्रणाच्या पार्श्वभूमीवर अर्थपूर्ण होते.

या मुद्रिकेच्या नंतरच्या आवृत्त्यांनी प्रश्न अधिक धारदार केला. १९९५मध्ये सहाऐवजी १४ नोंदी असलेली, नव्याने मिश्रण केलेली आवृत्ती आली. २००१मध्ये दोन तबकड्यांत ‘टॉमी’सह कार्यक्रम उपलब्ध झाला, परंतु तेथेही ‘टॉमी’ दुसऱ्या तबकडीवर एकत्र काढून ठेवल्याने रंगमंचावरील क्रम मोडला. आज श्रोत्यासमोर ‘लाइव्ह अ‍ॅट लीड्स’ या एकाच नावाचे अनेक पाठ आहेत. नाट्यसमीक्षेत आपण संहिता आणि प्रयोग असा भेद करतो : संहिता टिकते, प्रयोग विरतो. येथे विरून जाणारा प्रयोगच मुद्रित होऊन संहिता बनला, आणि मग प्रत्येक संहितेप्रमाणे त्यालाही पाठभेद फुटले. रॉकमध्ये मुद्रण हीच प्राथमिक कलाकृती असते, असे थिओडोर ग्रेसिकने १९९६च्या आपल्या ग्रंथात प्रतिपादले आहे. ते स्वीकारले तर पाठचिकित्सेचा प्रश्न अटळ होतो : कोणती प्रत प्रमाण मानायची?

अधिक सामग्री देणारी प्रत अधिक प्रमाण, हे उत्तर सहज सुचते. पण बऱ्याच चाहत्यांची १९७०च्या सहा गाण्यांवरील निष्ठा पूर्ण कार्यक्रम हाती आल्यावरही ढळली नाही. तिची संभावना स्मरणरंजन म्हणून करण्याआधी एक स्थळ बारकाईने ऐकले पाहिजे. दुसऱ्या बाजूच्या आरंभी ‘माय जनरेशन’ आहे. १९६५मधले हे तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे येथे सुमारे १५ मिनिटांपर्यंत विस्तारते. मूळ गाणे लवकरच संपते आणि त्याच्या पोटातून दुसरे संगीत निघू लागते. त्यातच ‘टॉमी’मधील स्वरवाक्ये आणि शेवटच्या विनवणीचे सूर येतात. सहा गाण्यांच्या पाठात हे सूर आधी कोठेही आलेले नसतात. ते अनुपस्थित कृतीकडे बोट दाखवतात. ज्याने ‘टॉमी’ ऐकला आहे त्याच्या स्मृतीतून त्यांना अर्थ मिळतो. उलट, पूर्ण कार्यक्रमात ‘टॉमी’ थोड्याच वेळापूर्वी वाजलेला असतो. तेथे हेच सूर उजळणीसारखे येतात. ध्वनी तोच असला तरी एका पाठात तो संदर्भ असतो, दुसऱ्यात पुनरुक्ती. वगळण्यामुळे येथे अर्थ घडला आहे. भव्य ऑपेरा बाजूला सारून त्याचा अवशेषच एका जुन्या, उद्दाम गाण्यात शिल्लक ठेवणारी मुद्रिका ही स्वतंत्र कृती आहे. पूर्ण कार्यक्रमाचा तो तुटका नमुना नव्हे. चाहत्याला हे परिभाषेत सांगता येत नसेल, पण त्याची आवड या भेदावरच उभी आहे.

खरखरीचे उदाहरण याहून बोलके आहे. मूळ ध्वनिफितीतच काही खरखर आणि टकटक उतरली होती. ती काढता आली नाही तेव्हा तबकडीच्या लेबलावरच हस्ताक्षरात सूचना छापली गेली : खरखरीचे आवाज ठीक आहेत, ते दुरुस्त करू नयेत, अशा अर्थाची. तांत्रिक दोषाला पाठात अधिकृत स्थान मिळाले. १९९५मध्ये संगणकीय तंत्राने हे आवाज पुसता आले आणि ते पुसले गेले. संपादकाच्या दृष्टीने हे शुद्धीकरण. पण जी सूचना पाळायची ती पाठाचाच भाग असेल, तर दुरुस्ती हाच प्रक्षेप ठरत नाही का? पाठचिकित्सकाला परिचित असलेला हा पेच आहे : लेखकाने मान्य केलेली चूक सुधारण्याचा अधिकार संपादकाला असतो काय? जुन्या तबकडीची खरखर हवी म्हणणारा चाहता हट्टी वाटतो. त्याच्या हट्टात हाच प्रश्न दडलेला आहे.

या भूमिकेच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. ओढीचा बाजार होतो. प्रत्येक वर्धापन नवी आवृत्ती घेऊन येते आणि जुने प्रेम नव्याने विकले जाते. ओढीचे स्मारकही होते : २००६मध्ये बँड त्याच भोजनगृहात पुन्हा वाजवायला आला आणि इमारतीवर स्मृतिफलक लागला. मून १९७८मध्ये आणि एन्टविसल २००२मध्ये निवर्तला होता. ज्या चौघांच्या परस्परांवर आदळणाऱ्या वादनाने ती रात्र घडली, त्यांतले दोघेच उरले होते. फलक जागा जतन करतो, नाद नव्हे. शिवाय आवड रूढ झाली की ती आज्ञेसारखी वागू लागते. सहा गाण्यांचा पाठच पवित्र मानणारा चाहता पूर्ण कार्यक्रमातील ‘टॉमी’चा वेगळा, खडबडीत आविष्कार ऐकायलाच नकार देतो. स्टॅन्ली फिशच्या शब्दावलीत हा अर्थनिर्णयन करणारा समुदाय आहे, आणि अशा समुदायाला दिसणाऱ्या गोष्टींइतक्याच न दिसणाऱ्या गोष्टीही असतात.

तरीही समीक्षेने या ओढीकडून एक गोष्ट घेण्याजोगी आहे. आपण कृतीचा अर्थ लावतो, पण आपल्यासमोरची प्रत कोणती, तिच्यातून काय गाळले गेले आणि त्या गाळण्याने काय साधले, हे पाहण्याचे कष्ट क्वचितच घेतो. एकच तबकडी वर्षानुवर्षे ऐकणाऱ्या माणसाला गाळलेल्या जागांची आणि चुकांची सवय झालेली असते. त्यांत कोणी हात घातला की त्याला ते तत्काळ कळते. पाठभेद ओळखण्याची ही शक्ती पुन्हापुन्हा ऐकण्यातून येते, आणि पुन्हापुन्हा ऐकणे आवडीवाचून होत नाही. अंतर राखणाऱ्या रसिकाला कृती समजते. चाहत्याला प्रत समजते. या दोन समजुती समीक्षेने परस्परविरोधी मानू नयेत. चाहत्याला जाणवणारा भेद परिभाषेत मांडून त्याची चिकित्सा करणे हे समीक्षकाचे काम आहे. त्यासाठी तो भेद आधी त्याच्या स्वतःच्या कानाला जाणवला पाहिजे.