साकळत्या रक्ताचा आलेख

आधी एक सरळ आडवी रेघ. काही मिनिटं तिच्यात काहीच घडत नाही. मग ती दुभंगते, वर आणि खाली सारखीच पसरत जाते, पोट धरते आणि आडव्या ठेवलेल्या सुरईसारखी दिसू लागते. रक्त कसं साकळतं हे तपासणाऱ्या थ्रॉम्बोइलॅस्टोग्राफीचा, म्हणजे डॉक्टर जिला ‘टेग’ म्हणतात त्या चाचणीचा निरोगी आलेख एवढाच. रुग्ण रक्तस्रावाने खचत असताना इतकं मुद्देसूद बोलणारं चित्र मात्र दुसरं नसेल.

त्याची कल्पना हेल्मुट हार्टर्ट या जर्मन डॉक्टरची, हायडेलबर्गमधली, १९४८ सालची. ३७ अंश तापमानाला छोट्या कपात ०.३६ मिलिलिटर रक्त. कप पावणेपाच अंशांतून मागे-पुढे फिरतो आणि रक्तात बारीक तारेला टांगलेली दांडी बुडालेली असते. रक्त पातळ आहे तोवर कप फिरतो, दांडी ढिम्म. गुठळी विणणारे फायब्रिनचे धागे दोघांना बांधू लागले की दांडीही डोलते. ती जेवढी डोलेल तेवढा आलेख रुंद. ‘रोटेम’ हे याचंच भावंड. त्यात कप स्थिर असतो आणि दांडी फिरते.

या आलेखाची खरी गोडी त्याच्या क्रमात आहे. सुरुवातीची सरळ रेघ लांबली, तर रक्त गोठवणारे घटक अपुरे आहेत; उपाय प्लाझ्मा. रेघ दुभंगली पण निमुळतीच राहिली, कोन उघडला नाही, तर फायब्रिन ज्यातून बनतं ते फायब्रिनोजेन कमी; उपाय ते पुरवणारं क्रायोप्रेसिपिटेट. पोट भरलं नाही, म्हणजे गुठळी झाली पण दुबळी. तिथे प्लेटलेट्सचा विचार. आणि भरलेलं पोट पुन्हा झपाट्याने आवळत गेलं, तर शरीर स्वतःच बांधलेली गुठळी विरघळवतंय. तिथे ते विरघळणं रोखणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड. एकाच रेघेच्या चार वळणांवर चार निदानं, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू नाही.

रक्त गोठण्याच्या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या चाचण्यांशी, ‘पीटी’ आणि ‘एपीटीटी’शी ताडून पाहिलं की हे वेगळेपण ठसतं. त्या चाचण्या पेशी बाजूला काढून उरलेल्या प्लाझ्मावर होतात आणि फायब्रिन तयार होऊ लागताच थांबतात. गोष्ट सुरू झाली एवढं त्या सांगतात. गुठळी किती भक्कम झाली, टिकली की विरली, हे टेग सांगतं. १९८० च्या दशकात पिट्सबर्गच्या यकृत प्रत्यारोपणांत त्याचा कस लागला तो याच गुणामुळे.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये उभं राहून हा आलेख वाचला तर त्याचं मोल जास्त कळतं. १९८५ पासून इथे बजाजचा कारखाना, भोवती प्रेस आणि मशीन शॉप, शेजारून नगर रोडची अवजड वाहतूक. चिरडलेला हात किंवा मोडलेलं कंबरेचं हाड घेऊन निघालेली गाडी शहरातल्या घाटी या सरकारी रुग्णालयात पोहोचेतो रक्त नुसतं कमी होत नाही. उरलेल्याची साकळण्याची ताकदही घटते. नातेवाइकांच्या कानावर पडतं, ‘चार पिशव्यांची सोय करा.’ पण कशाच्या पिशव्या? प्लेटलेट्सची पिशवी जेमतेम पाच दिवस टिकते. गोठवलेला प्लाझ्मा वितळवायलाच अर्धा तास जातो. नको असलेली पिशवी चढवली, तर ती पुढच्या जखमीच्या वाट्याची गेली.

यंत्र महाग, त्याचे कपही महाग. पण याच कुळातली एक गरीब चाचणी मराठवाड्याला जुनी परिचयाची आहे. घोणस किंवा फुरसं चावलेल्या माणसाचं दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग एकदाच नळी तिरकी करायची. रक्त ओघळलं, तर विषाने गोठणं बिघडवलंय, प्रतिविष द्या. टेग सविस्तर बोलतं, नळी फक्त हो किंवा नाही म्हणते. दोघांची शिस्त मात्र एकच: आधी रक्ताला विचारा, मग उपाय करा.

आलेखात उणिवाही आहेत. अ‍ॅस्पिरिनने मंदावलेल्या प्लेटलेट्स किंवा व्हॉन विलेब्रांडचा आजार साध्या टेगला सहसा दिसत नाही. थंड पडलेल्या जखमीचं रक्त ३७ अंशांवर तपासलं, की ते आहे त्यापेक्षा धडधाकट भासतं. पुरावाही एकसुरी नाही. डेन्व्हरच्या २०१६ मधल्या १११ जखमींच्या अभ्यासात टेग पाहून उपचार झालेल्या गटात १९.६ टक्के रुग्ण दगावले, नेहमीच्या चाचण्यांच्या गटात ३६.४ टक्के. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३९६ जखमींच्या युरोपीय ‘आयटॅक्टिक’ अभ्यासात मात्र एकंदरीत फरक दिसला नाही. आणि ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड तर आलेखाची वाट न पाहता पहिल्या तीन तासांत द्यावं, हे ‘क्रॅश-२’ या अभ्यासाने दाखवून दिलं; त्यात भारतीय रुग्णालयंही होती.

तेव्हा टेग हा चमत्कार नव्हे, उत्तम मजकूर आहे. आणि मजकुराला वाचक लागतो. कुठल्याही रुग्णालयाने यंत्राची ऑर्डर देण्याआधी रात्रपाळीला आलेख वाचू शकणारा डॉक्टर आणि हाकेला ओ देणारी रक्तपेढी यांची सोय करावी. हे दोन्ही नसेल, तर यंत्रावरचा खर्च वाया गेला असं समजावं.